तापीला सांगायची स्वप्नं

सोजरबाईला वाईट स्वप्न पडलं, तर ती ते घरातही कुणाला सांगत नसे. सकाळी चूळ भरण्याआधी, कुणाशी एक शब्दही न बोलता ती बुऱ्हाणपूरच्या बुधवारा वस्तीतून निघे, राजघाटाच्या पायऱ्या उतरे आणि ओंजळीत पाणी घेऊन ते स्वप्न तापीला सांगे. मग ओंजळ सोडून देई. पाणी जाई, त्याबरोबर स्वप्नही जाई. हा नियम तिच्या माहेरचा होता आणि त्याला पोटनियमही होते. वाईट स्वप्न घराबाहेरच्या माणसाच्या कानावर पडलं तर ते खरं होतं. ज्याच्या तोंडून ते पहिल्यांदा परक्याच्या कानी गेलं, त्याच्या माथी त्याचा दोष. त्यानंतर दुसऱ्या कुणी ते कितीदा सांगितलं, तरी फरक पडत नाही.

तिचा एकुलता मुलगा भूपेंद्र कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असे. या नियमांची उलटतपासणी तो शाळेत असल्यापासून घेत आला होता.

“माय, नळाचं पाणी चालतं का?”

“नळाचं गटारात जातं. गटाराले कोणी मनातलं सांगतं का?”

“मग कुंडी भंडाऱ्याचं, त्या मोगली भुयारातलं? तेही वाहतंच की, जमिनीखालून.”

“ते अंधारात वाहतं. त्याले ऐकू नही येत.”

उत्तरात तर्क नसे, पण ते नेहमी तयार असे. भूपेंद्र हसून सोडून देई. ज्या समजुतीने कुणाचं नुकसान होत नाही, तिच्याशी भांडण्यात वेळ घालवू नये, असं त्याचं मत होतं. या समजुतीने नुकसान होत नाही हे आपण तपासून पाहिलेलं नाही, ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली ती सोजरबाईचं मनगट मोडलं तेव्हा.

मोरीत पाय घसरला, असं तिने सांगितलं. हाताला प्लास्टर घालून घरी आणल्यावर भूपेंद्रची बायको छाया त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि दार लोटून म्हणाली, “आई मोरीत पडलेल्या नाहीत.”

“मग?”

“मागे डोळ्याखाली निळं झालं होतं, तेव्हा म्हणाल्या कपाटाचं दार लागलं. त्यांच्या खोलीतल्या कपाटाला सरकतं दार आहे. ते कुणाला लागेल कसं?” पुढचं वाक्य छायाला सुनेच्या नात्याने जड जात होतं. “त्या खोलीत दोघंच असतात, आबा आणि त्या.”

आबा म्हणजे हिरामण. जळगावकडून तरुणपणी नेपानगरच्या पेपर मिलमध्ये आला, कागदाच्या मशीनवर सारी नोकरी काढली, निवृत्त झाल्यावर बायकोला घेऊन मुलाकडे बुऱ्हाणपूरला राहायला आला. या माणसाने आयुष्यात बायकोवर आवाज चढवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मुलगी नाही म्हणून तो नातीची, भूमिकाची, वेणी घालून देत असे. आणि आता त्याच्यावर संशय घ्यायचा तो कोणत्या तोंडाने, हे भूपेंद्रला कळेना. पण पुरावा पुरावा असतो. तो सरळ घरापुढच्या ओट्यावर बसलेल्या बापाकडे गेला आणि विचारलं.

हिरामण ओट्यावर मागे सरकून बसला.

“मी मारलं नही,” तो म्हणाला. “मी ओढलं.”

“काय ओढलं?”

“ते नही सांगता येत. तुझ्या मायनं शपथ घातली.”

एवढंच. पण भूपेंद्रला ते पुरेसं होतं. तो दरवर्षी निद्रेचं प्रकरण शिकवत असे. माणूस स्वप्न पाहत असतो तेव्हा मेंदू जवळजवळ जागेपणाइतकाच चालू असतो. धावण्याचे, ओरडण्याचे, झटापटीचे आदेश निघत असतात. शरीर तरीही शांत पडून राहतं, कारण मेंदूच्या देठातून त्याच वेळी मणक्याकडे दुसरा संदेश जातो आणि स्नायूंना कुलूप लागतं. हे कुलूप नसेल तर काय होईल, ते फ्रान्समधल्या एका प्रयोगशाळेत मांजरांवर पाहिलं गेलं. देठातला नेमका तेवढा भाग निकामी केलेली मांजरं झोपेत उठून उभी राहत आणि नसलेल्या सावजावर झडप घालत. वर्गात या ठिकाणी मुलं हटकून हसत. हसू ओसरलं की भूपेंद्र सांगे, काही माणसांतही उतारवयात हे कुलूप आपोआप निकामी होतं. त्यापुढचं वाक्य अभ्यासक्रमात नव्हतं, म्हणून तो ते सांगत नसे.

त्या संध्याकाळी गॅसवर डाळ करपली. धूर ओट्यापर्यंत गेला. भूमिका नाकाला ओढणी लावून बाहेर पळाली. “दादाजी, इतना जल रहा है, आपको बास नहीं आई?” हिरामण स्वयंपाकघराच्या दाराशीच बसला होता. त्याने आश्चर्याने नातीकडे पाहिलं आणि दोनदा श्वास ओढून बघितला. त्याला काहीच येत नव्हतं. भूपेंद्रने ते पाहिलं आणि तो जेवला नाही. हे दुसरं लक्षणही त्याच्या माहितीचं होतं.

इंदूरचे मेंदूविकारतज्ज्ञ शांत स्वभावाचे होते. हिरामणची चाल, बोटं, डोळे तपासून झाल्यावर ते सोजरबाईकडे वळले. हा आजार सांगायला रुग्ण उपयोगाचा नसतो, कारण तो झोपलेला असतो. जो शेजारी झोपतो तोच खरा साक्षीदार.

“अम्मा, ये नींद में क्या करते हैं? आपने क्या देखा है?”

सोजरबाईने प्लास्टरवरून पदर ओढला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिली.

भूपेंद्रने डॉक्टरांकडून थोडा वेळ मागून घेतला आणि तिला बाहेर बाकावर आणून बसवलं.

“माय, तू नाही सांगितलंस तर त्यांना औषध देता येणार नाही. पुढच्या वेळी मनगटावर भागणारही नाही. मान मोडेल.”

“मोडू दे.”

“आणि मग आबांनी काय करायचं? बायकोची मान आपल्या हाताने मोडली म्हणून उरलेला जन्म काढायचा?”

मग ती हळूच म्हणाली, “मी सगळं तापीले सांगत आली. इतके वर्षं काही झालं नही. आता परक्या माणसाले सांगितलं तर होईल.”

“स्वप्न सांगितल्याने काही होत नाही. स्वप्न मेंदूत तयार होतं आणि तिथेच संपतं. पाण्याला कान नाहीत आणि डॉक्टरच्या कानात जादू नाही. झालंच काही, तर ते माझ्या माथी. झालं?”

“तसं दुसऱ्याच्या माथी देता नही येत. ज्यानं आधी सांगितलं, त्याच्याच माथी.”

“माय, मी चोवीस तास हेच शिकवतो ना पोरांना. माझ्यावर विश्वास ठेव.”

तिने ठेवला. मुलाच्या शास्त्रावर नव्हे; त्यावर तिचं काहीच मत नव्हतं. तिने मुलावर ठेवला. आत जाऊन ती खाली मान घालून बोलू लागली आणि भूपेंद्र वाक्यावाक्याने हिंदी करत गेला.

“यांले मशीन दिसतं, उठल्यावर हे मलेच सांगतात. कागद तुटलेला असतो, आणि त्या मोठ्या रुळांत कोणाचा तरी हात गेलेला असतो. माणूस ओरडतो. हे त्याचा दुसरा हात धरून त्याले ओढतात, पाय लावून ओढतात.” तिने प्लास्टरचा हात पदरात घेतला. “तो हात माझा असतो.”

“असा अपघात झाला होता का मिलमध्ये?” डॉक्टरांनी विचारायला लावलं.

“कधीच नही. म्हणून तर भेव वाटतं.”

“हे कधीपासून?”

“मिल सुटायच्या आधीपासून.”

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. नंतर त्यांनी भूपेंद्रला एकट्याला थांबवून घेतलं आणि अभ्यासक्रमात नसलेलं ते वाक्य उच्चारलं. या आजाराच्या बहुतेक रुग्णांना पुढे, कधी दहा वर्षांनी, कधी पंधरा, कंपवात होतो किंवा त्याच जातीचा स्मृतिभ्रंश होतो. झीज मेंदूच्या देठापासून सुरू होते. कुलूप आधी जातं, बाकीचं नंतर. झोपेसाठी गोळी आहे. पुढची झीज थांबवणारी गोळी आज तरी नाही. आणि तुमच्या वडिलांची दहा वर्षं, अम्मांच्या हिशोबाने, आताच भरत आली आहेत.

भूपेंद्रने हे आईला सौम्य करून सांगितलं. सौम्य केलेलं सत्य तिला लगेच ओळखू येत असे.

“म्हणजे होणार.”

“शक्यता मोठी आहे. पण हे तू आज सांगितलंस म्हणून नाही. ते कधीच सुरू झालंय. स्वप्नामुळे आजार नाही, आजारामुळे स्वप्न. तू ऐकत होतीस ती त्याचीच चाहूल होती.”

नापास झालेल्या पोराने पेपर अवघड होता म्हणून सांगावं आणि आईने ऐकून घ्यावं, तसं तिने ते ऐकून घेतलं.

गोळीने झोपेतली झटापट कमी झाली. खोलीतला पलंग काढला, जमिनीवर दोन गाद्या लांब लांब घातल्या. काही काळ बरा गेला. मग एका हिवाळ्यात चहाची कपबशी हिरामणच्या उजव्या हातात वाजायला लागली. पुढच्या उन्हाळ्यात त्याची पावलं आखूड झाली, चेहऱ्यावरचं हसू पुसट होत होत गेलं, आणि भूमिकाची वेणी त्याच्या बोटांना जमेना. दुसऱ्या दिवसापासून नातीने केस मोकळे सोडायला सुरुवात केली.

कपबशी पहिल्यांदा वाजली त्या दिवशी सोजरबाईने भूपेंद्रकडे पाहिलं होतं. ती ‘बघ’ असंही म्हणाली नव्हती. तेव्हापासून तिने हिरामणविषयी बोलणंच सोडलं. आबा जेवले का? जेवले. झोप लागते का? लागते. दर भेटीत डॉक्टर विचारत, अम्मा, और कुछ? आणि ती मान हलवून नाही म्हणे. भूपेंद्रने पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या उदाहरणांनी कार्यकारणाचा क्रम समजावून पाहिला. कोंबडा आरवतो म्हणून उजाडत नाही, असं तो म्हणाला. ती म्हणाली, “मी कोंबडा नही.”

त्या दिवसांत ओट्याच्या कोपऱ्यात रोज केळी ठेवलेली दिसत. एकाशेजारी एक, नीट ओळीने, सालं काळी पडलेली. छायाने विचारलं तर सोजरबाई म्हणाली, गाईसाठी. बुधवाऱ्यात गाई फिरतातच आणि बुऱ्हाणपुरात केळ्यांना तोटा नाही, तेव्हा कुणी पुढे विचारलं नाही.

एका दुपारी भूपेंद्र कॉलेजात असताना हिरामण एकाएकी बिथरला. ओट्यावर उभं राहून ओरडू लागला, काठी फिरवू लागला, रस्त्यावरच्या मोटारसायकलवाल्यांना अंगावर घेऊ लागला. छाया घाबरली. शेजाऱ्यांनी गल्लीतल्या डॉक्टरला आणलं. म्हातारा हिंसक झालाय, एवढं त्याला दिसलं. त्याने शांत करायचं इंजेक्शन दिलं. हिरामण शांत झाला. इतका की दुसऱ्या दिवशी त्याला उठवेना, गिळवेना, आणि त्याचे हातपाय लाकडासारखे कडक होऊन गेले.

इंदूरला अतिदक्षता विभागाच्या बाहेर मेंदूविकारतज्ज्ञांनी भूपेंद्रला एकच प्रश्न विचारला. “इनको दिन में चीज़ें दिखती थीं क्या? लोग, बच्चे, जानवर?”

“नाही,” असं म्हणायला भूपेंद्रने तोंड उघडलं, आणि त्याला केळ्यांची ओळ आठवली.

हा नुसता कंपवात नाही, डॉक्टर म्हणाले. ज्या रुग्णांना जागेपणी माणसं दिसतात, त्यांना हे इंजेक्शन विषासारखं चढतं. हे माहीत असतं तर मी चिठ्ठीवर ठळक लिहून दिलं असतं, कुणी ते दिलं नसतं. ते रागावलेले नव्हते, थकलेले होते. काही संशोधकांना वाटतं, ते पुढे म्हणाले, की हे भास म्हणजे स्वप्नंच. आधी स्वप्न शरीरात उतरतं आणि मग दिवसात. बच गए तो भी आगे हर दवा नाप-तौल के देनी पड़ेगी. घर से सही खबर चाहिए. जो साथ रहता है, उसी की.

भूपेंद्र बाकावर बसलेल्या आईकडे आला.

“माय, ती केळी गाईसाठी नव्हती.”

“नही.”

“कुणाला ठेवायचे आबा?”

ती म्हणाली, “दिवसाचंही सपनच असतं. मी तापीले सांगितलं होतं.”

हिरामण वाचला. वाचला म्हणजे घरी आला. आता त्याला दोघांनी धरून उठवावं लागे आणि पातळ करून भरवावं लागे. नवी औषधं सुरू झाली. एक वाढवलं की भास वाढत, दुसरं वाढवलं की गिळणं बंद पडे. मधली अरुंद वाट शोधायची तर दिवसभर त्याच्या उशाशी बसणाऱ्या बाईने पाहिलेलं सांगायला हवं होतं. आणि ती रोज पहाटे राजघाटावर जाऊन ते नदीत सोडून येत होती.

भूपेंद्रने त्या आठवड्यात आपल्या हाती काय काय आहे ते मांडून पाहिलं. पुरावे, आकृत्या, डॉक्टरांचा शब्द, रागावणं, रडणं: सगळं वापरून झालं होतं. तिच्या मनात एक वाक्य घट्ट बसलं होतं, की मी सांगितलं म्हणून झालं. आता तोंड उघडलं तर उरलेलंही जाईल. ते वाक्य खोटं होतं. पण ते खोडून काढायचं शास्त्र त्याच्याजवळ होतं आणि ते निरुपयोगी ठरलं होतं. उरला होता तो फक्त तिचाच कायदा. त्यात एक कलम होतं, पहिल्यांदा कोण सांगतं त्याचं, जे त्याने लहानपणी थट्टेने वदवून घेतलं होतं.

एका पहाटे तो तिच्या मागोमाग घाटावर गेला. तिने पाणी सोडलं, तोंड धुतलं, आणि त्याला वरच्या पायरीवर पाहून थांबली.

“माय, तुला एक सांगायचं राहिलंय,” तो म्हणाला. “ते मशीनचं स्वप्न तू डॉक्टरला सांगितलंस, त्याच्या आधीच ते बाहेर सांगून झालं होतं.”

“कोणी?”

“मी. तुझा हात मोडायच्या आदल्या दिवाळीत आबा मला बोलून गेले होते. तू शपथ घालायच्या आधी. मी ते कॉलेजात सांगितलं.”

“कोणाले?”

“गजाननला.” गजानन त्याचा सहकारी; महिन्यातून एकदा घरी चहाला येणारा. “स्टाफरूममध्ये. गंमत म्हणून.”

सोजरबाई खालच्या पायरीवर उभी होती. ओल्या हातांनी तिने पदर धरला होता, तो तिने सोडला.

“तो काय म्हणाला?”

या प्रश्नाची तयारी भूपेंद्रने केली नव्हती. “हसला,” तो म्हणाला.

इतकी वर्षं पुरावा देऊनही जे तिने मानलं नव्हतं, त्याच्या जागी तिने हे विनापुरावा, एका क्षणात मानलं. तिचे खांदे खाली आले. आजारी माणसाचा ताप उतरताना चेहरा दिसतो तसा तिचा चेहरा दिसला, आणि भूपेंद्रला क्षणभर वाटलं की आपण उत्तम उपचार केला. मग तिने वर पाहिलं.

“तुझ्या बापाचं सपन,” ती म्हणाली, “हसायले सांगितलं.”

ती त्याच्या बाजूने वर चढून गेली. पायऱ्यांवर तिचा तोल जातो म्हणून त्याने नेहमीसारखा हात पुढे केला होता. तिने दुसऱ्या कडेने भिंत धरली.

पुढच्या भेटीत ती डॉक्टरांशी बोलली. कुणी न विचारता बोलली. ओट्यावर लहान लेकरं येऊन बसतात, हे त्यांना केळी देतात; संध्याकाळी जास्त येतात; त्या दुपारी मोटारसायकली लेकरांच्या अंगावरून गेल्या असं यांना वाटलं, म्हणून काठी उचलली. कोणत्या गोळीनंतर घास अडकतो, कोणत्या गोळीनंतर लेकरं कमी होतात, सगळं तिला पाठ होतं. हिंदी करायला ती छायाकडे पाहत होती. डॉक्टरांनी औषधं बदलली. ते म्हणाले, अशी साक्ष मिळाली तर आणखी काही वर्षं बरी काढता येतील. बरी, म्हणजे याहून फार वाईट नाहीत.

घरी आल्यावर पानं वाढली. हिरामणला भूमिकाने पातळ खिचडी भरवली. तो तिच्या खांद्यामागे कुणाकडे तरी पाहून, जेमतेम दिसेल एवढं हसला. सोजरबाईने भाकरी तव्यावरून काढली, टोपलीत ठेवली आणि छायाकडे सरकवली.

“त्याले वाढ,” ती म्हणाली.

भूपेंद्र तिच्यासमोर, हाताच्या अंतरावर बसला होता. आता गजाननला भेटून त्याला या गोष्टीत सामील करून घ्यायला हवं, तो येईल तेव्हा ती विचारल्याशिवाय राहणार नाही, असा विचार त्याच्या डोक्यात चालू होता. खरं काय ते तो आईला कधीही सांगू शकत होता. सांगितलं असतं, तर ती पुन्हा गप्प झाली असती.

“अजून एक वाढ त्याले,” सोजरबाई छायाला म्हणाली, “त्याचं पोट नही भरलं.”